एंटर कुणाच्या मर्जीनं?

माझी लेक एका कोड एडिटरच्या ऑटोकम्प्लीटवर काम करते. आपण दोन अक्षरं टाइप केली की कर्सरखाली सूचनांची यादी उघडते. ती केव्हा उघडावी, तिच्यात काय असावं आणि एंटर दाबल्यावर काय व्हावं, हे ठरवणाऱ्या टीममध्ये ती आहे. माझा धाकटा भाऊ सांगलीकडच्या एका सहकारी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाला. त्याची हयात युनिक्सच्या काळ्या पडद्यावर गेली, आधी व्हीआय आणि मग विम या एडिटरांत. मी मुद्रितशोधक. या दोघांच्या धंद्यातलं मला फार कळत नाही, पण दिवसभर एडिटरात मराठी मजकूर तपासत असते, त्यामुळे त्यांच्या भांडणाचा भुर्दंड कुणावर पडतो हे चांगलं कळतं. पुढच्या आवृत्तीत डिफॉल्ट बदलायचा लेकीचा बेत जेवताना निघाला आणि मामा-भाचीची जुंपली. झालं तसं लिहिते.

भाची : आमच्याकडे यादी उघडली की पहिली सूचना आधीच निवडलेली असते. एंटर मारलं की ती मजकुरात जाऊन बसते. आम्ही ते बदलतोय. बाणाच्या किल्लीनं मुद्दाम निवड केली असेल तरच एंटरनं सूचना घ्यायची. नाहीतर एंटर म्हणजे नवी ओळ, बस.

मामा : आणि आज जे लोक न बघता एंटर मारून सूचना घेतात, त्यांचं काय?

भाची : एक सेटिंग बदलतील.

मामा : हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. कुठलं सेटिंग? ते कुठे असतं? आणि मुळात काहीतरी बदललंय हे त्यांना कोण सांगणार? त्यांना एवढंच दिसतं, की काल चालत होतं ते आज चालत नाही. अगं, एडिटर डोक्यानं चालवत नाहीत, बोटांनी चालवतात. बोटांना पत्रक वाचता येत नाही.

भाची : म्हणून नव्या माणसानं जन्मभर जुन्या माणसाच्या बोटांप्रमाणे चालायचं?

इथे मला राहवलं नाही. एका कवितासंग्रहाची मुद्रितं माझ्याकडे होती आणि शेजारच्या टॅबमध्ये महापालिकेच्या कामांवरचा एक अहवाल उघडा होता. पहिल्याच कवितेची ओळ ‘मन’ या शब्दावर संपत होती. मी ‘मन’ टाइप केलं, एंटर मारलं, आणि ओळ संपली ‘मनपा’वर. एडिटरनं अहवालातून शब्द उचलला आणि माझ्या नव्या ओळीच्या ऐवजी तो बसवला. कवीला कळवलं असतं तर त्यानं कदाचित तो तसाच ठेवला असता, पण तो मुद्दा वेगळा.

भाची : बघ. आईनं एंटर मारलं ते नवी ओळ हवी म्हणून. एडिटरनं त्याचा अर्थ लावला, की बाईंना महापालिका हवी आहे.

मामा : ताईनं सेटिंग बदलायला हवं होतं.

भाची : आता तूच म्हणालास ना, सेटिंग कुठे असतं ते लोकांना माहीत नसतं?

(मामा भाजी वाढून घेतो.)

भाची : एंटरचा घोळ सगळ्यांना माहीत आहे. व्हीएस कोडमध्ये यासाठी तीन पर्याय ठेवलेत. एंटरनं सूचना घ्यायची, घ्यायची नाही, किंवा सूचना घेतल्यानं मजकुरात खरोखर फरक पडणार असेल तरच घ्यायची. डिफॉल्ट मात्र पहिलाच. आणि तुझ्या विमचं काय रे? तिथे तर एंटरचा अर्थ आपण यादीत कसे शिरलो त्यावर ठरतो.

मामा : ठरतो, आणि बरोबर ठरतो. कंट्रोल-एन दाबून आलीस तर शब्द आधीच मजकुरात बसलेला असतो, मग एंटर म्हणजे नवी ओळ. बाणाच्या किल्लीनं यादीत खाली गेलीस तर शब्द अजून बसलेला नसतो, मग एंटरनं तो बसतो. यादी उघडी असताना पुढची अक्षरं टाइप करत गेलीस तर पुन्हा एंटर म्हणजे नवी ओळ.

भाची : हे तुला पाठ आहे.

मामा : पाठ नाही गं, हाताला आहे.

भाची : तेच म्हणतेय मी. विमच्या मदतपानांत हे तीन अवस्था करून समजावलंय. ज्या किल्लीला तीन अवस्थांचं स्पष्टीकरण लागतं, तिचं डिफॉल्ट चुकलेलं असतं.

हे वाक्य मला पटलं, तरी मी गप्प राहिले. मामा आता त्याच्या आवडत्या जागेवर येणार हे दिसत होतं, आणि तो तिथे आला की ऐकण्यासारखा असतो.

मामा : बरं, मग हे सांग. विममध्ये कॅपिटल डी दाबलं की कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर उडतो. कॅपिटल सी दाबलं की तेवढाच उडतो आणि तिथे नवा लिहिता येतो. मग कॅपिटल वायनं कर्सरपासून शेवटापर्यंत कॉपी व्हायला हवी की नको?

भाची : हवी.

मामा : होत नाही. अख्खी ओळ कॉपी होते. का? तर १९७६च्या सुमाराला बर्कलीत बिल जॉयनं व्हीआय लिहिला, त्यात ती तशी होती. आणि विम लिहिणाऱ्या ब्राम मोलेनारला हे विसंगत आहे हे कळत नव्हतं असं समजू नकोस. विमच्या मदतपानावरच लिहिलंय, की दुसरी रीत जास्त तर्काला धरून आहे पण व्हीआयशी जुळत नाही. कुणाला हवी असेल त्यानं आपल्या फाइलीत ही एक ओळ घालावी. माणसाला चूक दिसत होती, तरी त्यानं हात लावला नाही. २०२३ मध्ये तो गेला, तोपर्यंत नाही.

भाची : आणि निओविमनं २०२१ मध्ये ती ओळ स्वतःच घालून टाकली. तुझं जग बुडालं का?

मामा : नाही बुडालं. मी निओविम वापरत नाही.

भाची : झालं! म्हणजे हवं तसं करायला एक वेगळा एडिटरच काढावा लागला. २०१४ साली निओविमवाले वेगळे झाले त्याला बाकी कारणंही होती, पण डिफॉल्टची यादी बघ. जुन्या व्हीआयसारखं वागायचा पर्यायच त्यांनी काढून टाकला. ओळ आपोआप आत सरकणं, शोधताना जुळणी लगेच दिसणं, कमांड टाइप करताना पर्यायांची पट्टी, सगळं सुरुवातीपासून चालू. आमच्या ऑफिसात विमवरून तिकडे गेलेल्यांपैकी निम्मे लोक केवळ एवढ्यासाठी गेले, की पहिल्या दिवशी काही करावं लागलं नाही.

मामा : तू एक विसरतेस. रात्री दोन वाजता सर्व्हर बसला, की मी बँकेच्या ज्या मशीनवर जायचो ते माझं नसायचं. माझी सेटिंगची फाइल तिथे नसायची. कुठल्या गावच्या शाखेतलं, कुठल्या कंपनीचं युनिक्स, देव जाणे. पण व्हीआय उघडला की तो माझ्या हाताखाली तसाच वागायचा. त्या वेळी मला सुधारणा नको होत्या. मला ओळखीचा एडिटर हवा होता.

भाची : मामा, हा तर माझ्या बाजूचा मुद्दा आहे. परक्या मशीनवर सेटिंग नसतं, म्हणजे तिथे माणसाच्या हाती फक्त डिफॉल्ट असतं. मग ते नीट नको?

मामा : नीट असावं. पण तेच असावं.

दोघंही थोडा वेळ गप्प. एकाच प्रसंगातून दोघांनी उलटे निष्कर्ष काढले होते आणि माझ्या मते दोन्ही खरे होते. पण भाचीला अशा जागी थांबवत नाही.

भाची : ब्रामनंही शेवटी डिफॉल्ट बदललेच की. २०१६ मध्ये विम ८ आलं तेव्हा.

मामा : बदलले, पण कसे ते बघ! जुन्या माणसाच्या पानाला धक्का न लावता. ज्याच्याकडे स्वतःची विमआरसी, म्हणजे सेटिंगची फाइल, आहे त्याला काही नाही. ज्याच्याकडे ती नाहीच, तो नवा माणूस. त्याच्यासाठी नव्या डिफॉल्टची वेगळी फाइल आपोआप वाचायची. ज्यानं आपली निवड केली त्याच्यावर काही लादलं नाही, ज्यानं केली नाही त्याला चांगलं दिलं. याहून न्याय्य काय असतं?

भाची : ऐकायला न्याय्य आहे. आता पुढचं ऐक. नवा मुलगा विम उघडतो. रंग दिसतात, कमांडचे पर्याय दिसतात, खूश. आठवड्यानं त्याला ओळींचे आकडे हवेसे वाटतात. कुणीतरी सांगतं, विमआरसी नावाची फाइल कर आणि त्यात एक ओळ लिही. तो लिहितो. आकडे दिसतात, पण बाकी सगळं गायब! कारण आता त्याच्याकडे फाइल आहे, म्हणजे तो ‘जुना माणूस’ झाला. एक गोष्ट मागितली आणि मागितलेलं नसताना दहा गेल्या. रिकामी फाइल केली तरी हेच होतं.

मामा : मग त्या फाइलीतून डिफॉल्टची फाइल ओढून घ्यायची. मदतपानात दिलंय.

भाची : मदतपानात सगळंच दिलेलं असतं रे.

मामा : (जरा थांबून) आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांना दुसरा फटका बसला, तो मीच सांगतो. नव्या डिफॉल्टमध्ये माउस चालू होता. टर्मिनलमध्ये माउसनं मजकूर निवडून चिकटवायची सवय असलेल्यांचं ते बंद पडलं, कारण माउस आता विमनं धरला होता. शिफ्ट दाबून ओढायला लागलं. बरं, मशीनवरच्या सगळ्यांसाठी असलेल्या विमआरसीत तो बंद करावा, तर ही डिफॉल्टची फाइल तिच्यानंतर वाचली जायची आणि आपण लिहिलेलं पुसून टाकायची. ती फाइल वगळा असं सांगणारी वेगळी ओळ तिथे घालावी लागली. लोकांनी बोटं मोडली. पुढे ते माउसचं थोडं सौम्य केलं.

भाची : म्हणजे जपून केलेला बदलही बोचलाच.

मामा : बोचणारच. म्हणून म्हणतो, हात लावूच नका.

भाची : हात न लावण्याचीही किंमत असते, ती फक्त कुणाच्या तक्रारीत दिसत नाही. कंट्रोल-एन शब्द कुठून शोधतं? विमच्या जुन्या डिफॉल्टप्रमाणे उघड्या फाइलींतून, टॅगमधून, आणि इन्क्लूड केलेल्या फाइलींतूनसुद्धा. सी भाषेच्या छोट्या प्रोग्रॅमला ते वरदान होतं. आज मोठ्या प्रोजेक्टमध्ये एक हेडर पन्नास हेडर ओढतं, आणि फाइली नेटवर्कवर असल्या तर एका शब्दासाठी एडिटर नुसता बघत बसतो. किती जणांनी वर्षानुवर्षं आपल्या विमआरसीत तो एक पर्याय काढून टाकणारी ओळ लिहिली असेल! निओविमनं तो डिफॉल्टमधूनच काढला. जे ती ओळ लिहिण्याइतके जाणकार नव्हते त्यांनी काय केलं असेल? ऑटोकम्प्लीट हळू असतं असं समजून ते वापरणंच सोडलं असेल. त्यांचं पत्र कुणालाच आलं नाही.

मामानं यावर उत्तर दिलं नाही. तो ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरकडे वळला. विमवाल्यानं ईमॅक्सचं कौतुक करणं म्हणजे अडचणीत असल्याची खूण, पण त्यानं काढलेली उदाहरणं चांगली होती.

मामा : बदलायचंच असेल तर ईमॅक्सवाल्यांकडे बघा. पूर्वी तिथे फाइलीचं नाव टाइप करताना स्पेस दाबली की नाव पुरं व्हायचं. पुढे लोक फाइलींच्या नावांत सर्रास स्पेस टाकायला लागले, ती टाइप करायची तर आधी आणखी एक किल्ली दाबावी लागायची. २००७च्या ईमॅक्स २२ मध्ये त्यांनी ते बंद केलं. पण बदलांच्या टिपेत तिथेच लिहिलं, की हे का केलं, आणि ज्याला जुनं हवं त्यानं या दोन ओळी आपल्या फाइलीत घालाव्यात. ओळी तयार दिल्या.

भाची : हे मला मान्य आहे.

मामा : पुढचं त्याहून भारी आहे. समज, तू ‘अहवाल२०२४’ असं लिहिलंस आणि कर्सर मधे, ‘अहवाल’च्या पुढे आहे. आता टॅब दाबलास. एडिटरनं काय शोधावं? ईमॅक्स २१ शोधायचं ‘अहवाल२०२४’नं सुरू होणारं नाव. ईमॅक्स २२ कर्सरच्या पुढचं बघायचंच नाही. ‘अहवाल’नं सुरू होणारं काहीही आणायचं आणि ‘२०२४’ शेवटी तसंच चिकटलेलं राहायचं. मग २००९ला ईमॅक्स २३ आलं. ते म्हणतं, सुरुवातीला ‘अहवाल’ आणि पुढे कुठेतरी ‘२०२४’ असलेलं नाव द्या. ‘अहवाल-मार्च-२०२४’ लगेच सापडतं.

भाची : म्हणजे नवं डिफॉल्ट जास्त शहाणं.

मामा : शहाणं आहेच. पण जुन्या दोन्ही रीती त्यांनी पुसल्या नाहीत. त्यांना नावं दिली. एकीचं नाव ‘ईमॅक्स२१’, दुसरीचं ‘ईमॅक्स२२’. ज्याला हवी त्यानं यादीत आपली रीत लिहावी. एवढंच नाही, नवी रीत फसली तर मागाहून वापरून बघायला ‘ईमॅक्स२२’ डिफॉल्टच्या यादीतही आहे, शेवटी. जुन्या वागणुकीला नाव दिलं की ती मागता येते. तुम्ही लोक जुनं काढता तेव्हा ते नुसतं नाहीसं होतं, मागायचं म्हटलं तरी कशाला काय म्हणायचं तेच कळत नाही.

भाची : (वहीत काहीतरी लिहीत) हे मी उचलणार. पण मामा, तू याचा अर्थ उलटा लावतोयस. त्यांनी डिफॉल्ट बदललं. जुनं नावानिशी ठेवलं, पण पहिल्या जागेवरून उठवलं. आणि लवकर बदललेलं स्वस्त पडतं. मेकची गोष्ट तुला ठाऊक आहे. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमननं प्रोग्रॅम बांधायचं हे साधन लिहिलं, त्यात कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबनंच व्हायला हवी असा नियम. हे बरं नाही हे त्याला लवकरच कळलं, पण तोवर डझनभर मित्र ते वापरायला लागले होते, त्यांचा खोळंबा नको म्हणून राहू दिलं. डझनभर लोकांसाठी! आजही स्पेस पडली की मेक अडतं.

मामा : डझनभर असोत की कितीही, त्यांनी त्याच्यावर विसंबून काम केलं होतं.

आता माझी पाळी होती, कारण या दोघांपैकी कुणाच्याही बोलण्यात माझी खरी अडचण येत नव्हती. मी लॅपटॉप आणला आणि ‘वा’ टाइप केलं. यादीत एकाखाली एक दोन शब्द आले : ‘वाऱ्यावर’ आणि ‘वार्‍यावर’. भाचीला वाटलं, बग आहे. बग नव्हता. डोळ्यांना एकच दिसणारे ते दोन वेगळे शब्द आहेत. मग मी ‘वार’ केलं, तर एक नाहीसा झाला. र खोडून ऱ घातला, तर तो परत आला आणि दुसरा गेला.

कारण असं. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त; ही आपल्या इस्की प्रमाणाला धरून असलेली रीत. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडक. युनिकोडच्या १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगत राहावं म्हणून ही दुसरी रीत आजही वैध आहे. ज्या लेखकाचा कीबोर्ड जसा, तसा त्याचा वारा. माझ्या संगणकावर दोन्ही वाहतात.

भाची : मग नॉर्मलायझेशन करू. एकसारखे दिसणारे क्रम एक करण्यासाठीच ते असतं.

मी : करून बघ. नुक्ता वेगळा टाइप केला असेल तर तो एक होईल. ही जोडी होत नाही.

तिनं केलं. झाली नाही. मामाचा चेहरा उजळला.

मामा : हे तुझ्या कंपूतल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. आता काय करशील? जुन्या फाइलींतली सगळी अक्षरं बदलशील?

भाची : फाइलीला हात नाही लावणार. शोधताना दोन्ही एक धरायचे आणि यादीत एकदाच दाखवायचे.

मामा : आणि निवडल्यावर मजकुरात कुठला टाकणार?

भाची : नवा.

मी : अजिबात नाही. त्या फाइलीत आधी जो वापरलाय तो. निम्मं पुस्तक एका रीतीनं आणि निम्मं दुसऱ्या रीतीनं झालं, तर पुढे ‘शोधा आणि बदला’ कुणी करायचं, तू?

पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं, आणि ते एंटरवर नव्हे, एका अर्ध्या र वर. एंटरचं माझं मत मात्र मी सांगून टाकलं : बदला. यादी मी मागितलेली नसते, ती आपणहून उघडते. तिनं माझी नवी ओळ गिळायची नाही. पण ज्यांनी ते सेटिंग स्वतः एकदा तरी ठरवलं असेल त्यांच्या सेटिंगला बोट लावायचं नाही, जुन्या वागणुकीला सरळ नाव द्यायचं, आणि ती परत कशी मिळवायची हे बदलांच्या टिपेत पहिल्याच ओळीत लिहायचं, बाविसाव्या नव्हे. भाचीला पहिल्या दोन अटी मान्य आहेत. तिसरीवर म्हणाली, पहिली ओळ नेहमी मार्केटिंगवाल्यांची असते. मामाला एकही मान्य नाही. तो जुनी आवृत्तीच वापरणार आहे.

मराठीत लिहिणाऱ्या वाचकांना एवढंच सांगायचंय, की एडिटर तपासणारे लोक बहुधा इंग्रजी शब्दांनी तपासतात. तुमच्या यादीत एकच शब्द दोनदा दिसला, किंवा समोर असलेला शब्द शोधूनही सापडला नाही, तर आपलंच काहीतरी चुकलं असेल असं म्हणून सोडू नका. तो शब्द दोन्ही रूपांत कॉपी करा आणि एडिटर करणाऱ्यांना जसाच्या तसा पाठवा. चित्र पाठवू नका, चित्रात दोन्ही सारखेच दिसतात.